वेळ जपायची की चित्रं?

लग्नाची हार्ड डिस्क हातात आली की मी आधी नवरा-नवरी बघत नाही, आकडे बघते. गेल्या हंगामातल्या एका लग्नाचे सांगते. मुख्य कॅमेरा २५. दुसरा कॅमेरा नवऱ्याच्या आतेभावानं अमेरिकेतून आणलेला, तो २३.९७६. ड्रोन ३०. वरातीतल्या पोरांनी टोपीला लावलेला चिमुकला कॅमेरा ६०. नवरीच्या मैत्रिणीचा मोबाइल सरासरी २९.९, आणि शेजारी शेरा: व्हेरिएबल. शिवाय दुबईच्या मामांना सुट्टी मिळाली नाही म्हणून त्यांनी पाठवलेले आशीर्वाद, ते १५. मुहूर्त एक आणि घड्याळं सहा.

हा आकडा म्हणजे फ्रेम रेट. कॅमेऱ्यानं एका सेकंदात किती स्थिर चित्रं घेतली, एवढाच त्याचा अर्थ. आकडा मोठा म्हणजे व्हिडिओ भारी, हा समज दुकानदारांनी पसरवलेला आहे. खरी अडचण आकडा लहान-मोठा असण्याची नसतेच, आकडे वेगवेगळे असण्याची असते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन एक आणि तिचा आकडा एक. तो २५ ठेवला की तिच्यावर जे टाकाल ते सेकंदाला २५ चित्रांनीच बाहेर पडणार.

मी वालीवला बसते. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेकडून शेअर रिक्षा, नाक्यावर उतरायचं, मग गाळ्यांच्या रांगा. खालच्या गाळ्यात प्लास्टिक मोल्डिंग, वर पोटमाळ्यावर मी, माझे संगणक आणि फेकून द्यायला जीव न होणारे जुने व्हीसीआर. एडिटिंग म्हणजे अंधेरी, असं मानणारे विचारतात, इथं कशाला? भाडं परवडतं म्हणून. आणि काम इथंच आहे म्हणून. आगरी-कोळ्यांच्या हळदी, वाडवळांची लग्नं, चर्चमधली लग्नं ब्रास बँडसकट, आणि मधूनमधून गाळ्यांमधली मशिनं. मशिनांचं पुढे सांगते.

आपल्याकडे २५ हा आकडा का, याचं उत्तर विजेच्या तारांत आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. युरोपात टीव्हीची पद्धत ठरली तेव्हा चित्रांचा वेग विजेच्या निम्मा ठेवला, म्हणजे विजेच्या गुणगुणीनं पडद्यावर उठणारे पट्टे निदान एका जागी थांबायचे. आपण तीच पद्धत घेतली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही २५ वरच. अमेरिकेची वीज ६० ची, म्हणून त्यांचा टीव्ही ३० चा. पुढे १९५३ साली रंगीत टीव्ही आणताना रंगाचा आणि आवाजाचा संदेश एकमेकांत घुसू नये म्हणून त्यांनी त्या तिसाला साधारण हजारांश कात्री लावली आणि २९.९७ झाले. २३.९७६ हे चोवीसाला लागलेल्या त्याच कात्रीचं फळ. ते टीव्ही भंगारात गेले, छपरावरचे अँटेना गेले, पण कात्री राहिली. ३० आणि २९.९७ यांच्यातला फरक तासाभरात ३.६ सेकंदांचा होतो. शुभमंगल म्हणणारे भटजी आणि ऐकू येणारं ‘सावधान’ यांच्यात एवढं अंतर पडलं तर नवरीची आई मला फोन करणारच.

आता मुद्द्याचं. वेगळ्या आकड्याची क्लिप टाइमलाइनवर आली की सॉफ्टवेअरपुढे दोन वाटा असतात. वेळ जपायची, नाहीतर चित्रं जपायची. चोवीस जणांची पंगत पंचवीस पाटांवर बसवायची आहे असं समजा. वेळ जपायची तर कुणीतरी एक जण दोन पाटांवर बसणार, म्हणजे प्रत्येक सेकंदात एक चित्र दोनदा दिसणार. सेकंद सेकंदाएवढाच राहतो, आवाज जुळतो, पण कॅमेरा फिरत असेल तर बारीकसा झटका बसतो. आमच्या भाषेत ‘जर्क मारतो’. चित्रं जपायची तर पुढच्या पंगतीतला एक जण आधीच आत येऊन बसणार. एकही चित्र दोनदा येत नाही, चाल लोण्यासारखी, पण २५ सेकंदांचं काम २४ सेकंदांत आटोपतं. सॉफ्टवेअर हा निर्णय तुम्हाला न विचारता घेतं, आणि बहुतेक वेळा वेळ जपतं. समोर बसलेला माणूस नुसतं बटण दाबणारा असेल तर त्याला दुसरी वाट आहे हेही कळत नाही.

ती दुसरी वाट आपण सगळ्यांनी बघितलेली आहे, नकळत. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रांची, आपला टीव्ही २५ चा. सिनेमा टीव्हीवर लावताना सरळ २५ च्या वेगानं पळवायचे. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा त्या काळातली गोष्ट. अडीच तासांचा सिनेमा २ तास २४ मिनिटांत संपायचा, आणि कुणाच्या लक्षात यायचं नाही. लक्षात यायचं ते पेटी वाजवणाऱ्यांच्या. वेग ४ टक्क्यांनी वाढला की सूरही चढतो, जवळपास पाऊण पट्टीनं. पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या अगदी जवळ जाऊन बसतं, पण तिथंही नीट टेकत नाही. माझे वडील टीव्हीसमोर पेटी घेऊन बसायचे आणि दोन ओळींत बंद करायचे. दोष जायचा पेटी जुळवणाऱ्याला. बिचारा.

आणि त्याच्याही मागे गेलं तर आपल्या सिनेमाचा जन्मच या घोळात झालाय. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पैसेवाल्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी पहिल्यांदा काय चित्रित केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोड्या थोड्या अंतरानं एकेक चित्र घेत टिपली. दिवसचे दिवस चाललेली वाढ पडद्यावर भराभर घडली. आज मोबाइलवर टाइमलॅप्स नावाचं बटण असतं ते हेच. चित्रं जपली आणि वेळ पूर्ण सोडून दिली, तीसुद्धा जाणूनबुजून.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याची लांबी ३,७०० फूट सांगतात. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला ८ चित्रं पुढे सरकायची आणि कॅमेरामन सेकंदाला दोन फेरे मारायचा, म्हणजे १६. सेकंदाला बरोबर एक फूट. मग ३,७०० फुटांचा सिनेमा ३,७०० सेकंदांचा, तासाभराहून थोडा जास्त. तीच फिल्म आजच्या २४ च्या वेगानं लावली तर ४१ मिनिटांत संपते, आणि हरिश्चंद्र राजा गाडी चुकेल अशा घाईनं राज्यत्याग करतो. जुनी माणसं दुडुदुडु चालायची असा आपला जो समज आहे तो चुकीच्या वेगानं दाखवलेल्या मूकपटांनी करून दिलेला आहे. शिवाय हात तो हात. दमलेला कॅमेरामन थोडा हळू फिरवणार, पाठलागाच्या दृश्यात मुद्दाम हळू फिरवणार म्हणजे पडद्यावर घोडे जोरात पळतील, आणि थेटरातला ऑपरेटर शेवटचा खेळ लवकर उरकायला प्रोजेक्टर जोरात फिरवणार. १६ हा अंदाज आहे, कायदा नव्हे. आवाज आला आणि तो फिल्मच्या कडेला छापला जाऊ लागला तेव्हा कुठे २४ चा खिळा ठोकला गेला. वेग चुकला की पात्रांचा आवाज चिरकायचा, म्हणून. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. त्यानंतर हात काढून घ्यावा लागला आणि मोटार आली.

‘हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं, पहिलं आणि शेवटचं, मिळून १,४७५ फूट, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपली आहेत. संग्रहालय १९६४ सालचं. ही रिळं १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या प्रतीची असावीत असंही काही अभ्यासक म्हणतात. माझ्यासारखीला त्यात दिसतं ते एवढंच: १६ नं लावली तर साडेचोवीस मिनिटं, २४ नं लावली तर सव्वासोळा. इंटरनेटवर दोन लांबीच्या प्रती दिसल्या तर एकीला कात्री लागली असेल असं लगेच समजू नका.

माझ्याकडे फाळके येत नाहीत, पण पत्र्याच्या डब्यातली सुपर एट रिळं येतात. कुणाचे आजोबा आफ्रिकेत होते, कुणाचे जहाजावर. सुपर एट हा कोडॅकचा १९६५ सालचा प्रकार, वेग १८. पन्नास फुटांच्या एका रिळात ३,६०० चित्रं, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. सरळ २५ वर टाकलं की २ मिनिटं २४ सेकंदांत आजी विहिरीवरून परत येते. व्हीसीआरच्या जमान्यात यावर एक सुंदर युक्ती होती. प्रोजेक्टर १८ ऐवजी १६ पूर्णांक दोन तृतीयांशवर आणायचा. वेडा आकडा वाटतो, पण त्याची तिप्पट बरोबर ५०, आणि आपल्या टीव्हीवर सेकंदाला ५० अर्धचित्रं जायची. तीन पात्यांच्या शटरचा प्रोजेक्टर आणि व्हिडिओ कॅमेरा एका तालात यायचे, पडद्यावरची धपधप थांबायची. आजी ७ टक्क्यांनी हळू चालायची आणि उलट जास्त भारदस्त दिसायची. आता रीळ चित्रागणिक स्कॅन होतं, मग मी सॉफ्टवेअरला सांगते की या फाइलचा आकडा १८ समज, आणि जिथं लागेल तिथं चित्र पुन्हा दाखव. इथं मी वेळ जपते. आजीची चाल तिच्या लेकरांना ओळखू यायला हवी.

लग्नात मात्र मी क्लिप बघून बाजू बदलते. अमेरिकेहून आलेल्या कॅमेऱ्यातले विधी, मंगलाष्टकं, फादरांचं प्रवचन, बँडवाल्याची काठी ढोलावर पडताना, यात वेळ जपायची, झटका बसला तरी चालेल. त्याच कॅमेऱ्यातले दागिने, रांगोळी, मांडवाची झालर, यांना आवाज नसतो. तिथं क्लिपच्या गुणधर्मात जाऊन २३.९७६ खोडून २५ लिहायचं. एकही चित्र दोनदा येत नाही, आणि झालर ४ टक्के जोरात हलली म्हणून कुणी तक्रार करत नाही. ड्रोनचे ३० तर मी नेहमीच २५ नं चालवते. तिसातली पाच चित्रं दर सेकंदाला टाकून दिली तर उडत्या कॅमेऱ्याला उचक्या लागतात. हळू केलं की उड्डाण राजेशाही होतं आणि बंगला आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. घरमालक खूश. मामांचे १५ तसेच सोडून द्यायचे, ते खुर्चीत बसून बोलतायत, चित्रं कितीही वेळा आली तरी मामा हलत नाहीत.

टाइमलाइनचा आकडा मात्र पहिल्या मिनिटाला ठरवायचा आणि स्वतः ठरवायचा. पहिली क्लिप टाकली की प्रीमियर किंवा रिझॉल्व्हसारखं एडिटिंगचं सॉफ्टवेअर अदबीनं विचारतं, हिच्याप्रमाणे सेटिंग बदलू का? शिकाऊ मुलं ‘हो’ दाबून मोकळी होतात. ती पहिली क्लिप नेमकी मोबाइलची असते, आणि अख्खं लग्न मैत्रिणीच्या मोबाइलच्या चालीनं चालायला लागतं. रिझॉल्व्हमध्ये तर टाइमलाइन बनली की तिचा आकडा गोठतो, मग दुसरी टाइमलाइन काढून सगळं पुन्हा तपासत बसायचं. ज्या कॅमेऱ्याचा आवाज शेवटी वापरायचा तोच घराचा कर्ता, असा माझा नियम आहे.

सगळ्यात छळवादी तो ‘व्हेरिएबल’. मोबाइल सेकंदाला ठरीव चित्रं घेतच नाही. हॉलमधले दिवे मंद झाले की प्रत्येक चित्राला जास्त वेळ प्रकाश हवा म्हणून तो संथ होतो, तापला की संथ होतो, उजेडात आला की पुन्हा धावतो. फाइलमध्ये प्रत्येक चित्रावर त्याची वेळ लिहिलेली असते. ती वेळ न वाचता सॉफ्टवेअरनं सगळी चित्रं सारख्या अंतरावर मांडली की आवाज एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. सरासरी २९.९ च्या फाइलला ३० मानलं तर पाऊण तासाच्या कार्यक्रमात ९ सेकंदांची तफावत पडते, आणि तीही सारखी वाढत नाही. कुठे घसरते, कुठे सावरते, म्हणून क्लिप एकदा ओढून जुळवली तरी पुढे पुन्हा सुटते. हल्लीची सॉफ्टवेअर बरीच शहाणी झाली आहेत, तरी मी विश्वास ठेवत नाही. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर फाइलची कुंडली सांगतं. त्यात ‘व्हेरिएबल’ दिसलं की आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये टाकून आकडा कायम करून घ्यायचा, मगच एडिटला बसायचं. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या पोरांना माझं सांगणं असं, की फ्रेम रेट आणि शटर स्वतः ठरवता येणारं ॲप घ्या, आणि आकडा कायम ठेवा.

शटरचा विषय निघाला म्हणून गाळ्यांकडे येते. आपले बरेच दिवे विजेच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. अमेरिकी सवयीनं ३० चित्रं आणि शटर सेकंदाचा साठावा भाग ठेवला की वालीवच्या कुठल्याही गाळ्यात चित्रावर पट्टे धावतात. शटर पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की प्रत्येक चित्राला दिव्याची पूर्ण लुकलुक मिळते आणि पट्टे जातात, मग आकडा ३० असला तरी. हे एवढं साधं आहे, पण आमच्याकडे येणाऱ्या कारखान्याच्या जाहिरातींपैकी निम्म्यांना पट्टे असतात.

खालच्या मोल्डिंगवाल्यांनी एकदा विचारलं, साचा उघडताना झाकण अडकतं, नक्की कुठल्या क्षणी, ते दिसेल का? दिसतं. मोबाइलवर २४० नं काढायचं आणि टाइमलाइनवर चित्रं जपायची, एकही टाकायचं नाही. २५ च्या टाइमलाइनवर सगळं ९.६ पट संथ होतं. वेळ मोजायला चित्रं मोजायची, चोवीस चित्रं म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. अडचण दोन ठिकाणी. एक म्हणजे २४० ला शटर शंभराव्या भागाचं ठेवताच येत नाही, त्यामुळे गाळ्यातला प्रकाश पडद्यावर सेकंदाला दहा वेळा धपधपतो. उपाय फुकटचा: बाहेरचं लोखंडी शटर वर करायचं आणि दिवसाच्या उजेडात मशीन चालवायचं. दुसरी अडचण फसवी. काही मोबाइल अशी क्लिप आधीच संथ करून, वर ३० चा आकडा लावून देतात. त्या आकड्यावर विसंबून मोजलं तर झाकण आठपट उशिरा अडकल्याचा शोध लागतो.

मघाशी म्हटलं दोन वाटा आहेत. तिसरी वाट म्हणून सॉफ्टवेअरवाले जी विकतात तिला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. दोन चित्रांच्या मधलं चित्र संगणक स्वतः बनवतो. समुद्रावरचा ढग असेल तर छान जमतं. अक्षता उडताना मात्र बघा, हवेतल्या तांदळांच्या शेवया होतात, आणि हार घालणाऱ्या हातांची बोटं एकमेकांत वितळतात. घरच्या नव्या टीव्हीत हेच यंत्र आधीपासून चालू असतं, म्हणून सिनेमा मालिकेसारखा दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय. मी ही वाट आवाज नसलेल्या, हात नसलेल्या दृश्यांपुरती वापरते.

सीसीटीव्हीला तर अजिबात नाही. गाळेवाले ती फाइल घेऊन येतात, टेम्पोनं गेट ठोकलं, नंबर दिसेल का? कॅमेरा बहुधा १५ वर लावलेला असतो, साठवण वाचते म्हणून. ताशी ३६ किलोमीटरनं चाललेला टेम्पो दोन चित्रांच्या मधे ६७ सेंटिमीटर पुढे जातो. त्या ६७ सेंटिमीटरमध्ये जे घडलं त्याचं चित्र कुठेच नाही, आणि सॉफ्टवेअरनं बनवून दिलं तर ते त्याच्या मनातलं असेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा देताना प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या बोटांचा ठसा, लिहावा लागतो. फाइल नुसती उघडून पुन्हा साठवली तरी ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइल मी कॉपी करून बाजूला ठेवायला लावते, हातही लावत नाही. बघायला वेगळी प्रत काढते, २५ ची, चित्रं तीच, काही पुन्हा दाखवलेली, आणि पहिल्या पाटीवर लिहिते: मूळ वेग १५, वेळ जपली आहे, नवं चित्र घातलेलं नाही. गाळेवाले म्हणतात, नंबर मोठा करून द्या ना. मोठा करून देते. त्या प्रतीच्या पाटीवर तेही लिहिते.